विहाराच्या भिंतीवरचे सात नियम

कामठी
३ ऑगस्ट २०२५, रविवार

केशवमामा, जयभीम.

खरा मेसेज आणि खोटा मेसेज कसा ओळखायचा, असं आज विहारात दवाखान्यातल्या तुळसाबाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, आणि मामा, मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे बोलले मी बरंच. स्पेलिंग बघा, पाठवणाऱ्याचं नाव बघा, घाई करायला लावत असेल तर खोटा समजा. त्या मान हलवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मंग तुलेही नाही माहीत," आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या. सगळे हसले. मीही हसले. पण दुपारपासून तेच डोक्यात फिरतंय.

तुमचा फोन पंधरा दिवसांपासून बंद लागतोय. आई म्हणाली, पत्र टाक, तुझ्या मामाची हयात पोस्टात गेली, पत्राला तो नाही म्हणणार नाही. म्हणून हे.

दर रविवारी वंदना झाली की मी विहारात टेबल लावून बसते. ऑफिसातला जुना लॅपटॉप सरांनी देऊन टाकलाय, तो घेऊन. धरमपेठेतल्या आमच्या टॅक्सच्या ऑफिसात सर रिफंडच्या दहा टक्के घेतात. आपल्या वस्तीतले रेल्वेवाले, दवाखान्यातले, शाळेतले लोक तिथे रांगेत उभे राहून दोन-दोन हजार देऊन यायचे, आणि आत कॉम्प्युटरवर बसलेली मी त्यांना ओळख दाखवायची नाही, कारण सरांना आवडत नाही. ते मला सहन होईना. बी.कॉम. कशाला झाले मग? आता वस्तीतली आयकराची सव्वीस विवरणपत्रं मी फुकट भरली आहेत. पैसा घेतला नाही, चहासुद्धा घरचा.

भिंतीवर मी कार्डशीटवर सहा नियम लिहून लावलेत. ओटीपी कोणाला सांगू नये. लिंक दाबू नये. पासवर्ड कोणाला देऊ नये. असे. पण गंमत अशी की लोक तो कागद वाचतात, मान डोलवतात, आणि खाली बसून मला पासवर्ड सांगतात. मी म्हटलं, अंकुशभाऊ, नियम तीन वाचला ना? तर म्हणाले, "तू कोणी थोडीच आहे." सगळ्यांचे पासवर्ड मी एका वहीत लिहिलेत, एकेकाला एकेक पान. आणि नोंदणीला मोबाइल नंबर माझाच दिलाय बहुतेकांना, कारण कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणाचा फोन पोराच्या हातात.

आणि एक चांगली गोष्ट सापडली. विहाराच्या बांधकामाला गेल्या वर्षी सगळ्यांनी दान दिलं होतं ना, चेकनं? बाबांच्या हातच्या पावत्या आहेत. त्या दानावरची सूट एकोणीस जणांना लावली. रक्कम लहान, पण तेवढ्यानं ते मर्यादेच्या खाली जातात आणि पगारातून कापलेला सगळा कर परत येतो. तुमच्या अकरा हजारांचीही लावली. तुमचं १२ जुलैलाच भरलंय, फोनवर सांगितलंच होतं की रिफंडचा मेसेज येईल, लक्ष ठेवा. आला का?

मामींना जयभीम.

तुमची,
सोनिका


भिवापूर
९ ऑगस्ट २०२५

सोनू, जयभीम वं.

पत्र भेटलं. पोस्टमननं हातात देलं तं मी त्याले म्हटलं, बापा, अडतीस वर्षं मी लोकायची पत्रं वाटली, आता कुठं माझ्या नावाचं आलं. तो म्हणे, काका, तुमच्या टाइमले पत्रं होती, मी तं बँकेच्या नोटिसा अन् आधार कार्डं वाटून राहिलो.

लिहिताना शुद्ध लिहावं हे मले येते. पण तुझ्यासंग शुद्ध बोललो तं तुले वाटंन मामा रागावला. म्हणून असं.

फोन पाण्याच्या टाक्यात पडला. वाकलो अन् खिशातून गेला. तुझी मामी म्हणे, बरं झालं, दिवसभर त्यातच पाहात राहायचा. आता साधा बटनाचा घेतला आहे, पण एका कानानं ऐकू येत नाही अन् दुसऱ्यानं अर्धंच येते, त्यामुळं तो फोन तुझ्या मामीचाच समज. तू पत्रच लिहीत जा.

तुळसाबाईनं इचारलं ते बरोबर इचारलं. मलेही सांगता आलं नसतं.

आता एक गोष्ट. काउंटरवर मी बचतपत्रं विकायचो तवा लोक इचारत, बाबूजी, याच्यावर सूट भेटते का? कागद पाहिल्याबिगर मी कधी हो म्हटलं नाही. मले असं आठवते का संस्था रजिस्टर असणं येगळं अन् दानावर सूट द्यायची मान्यता असणं येगळं. आपल्या विहाराले ती मान्यता आहे का? त्या फॉर्मात दानाचे रकाने असतात, तू कोणत्या रकान्यात टाकलं? मी काही शहाणपणा शिकवून नाही राहिलो. इचारून राहिलो.

अन् रिफंडचं सांगायचं तं, खरा मेसेज आल्यावर त्यात काही दाबा लागते का? का नुसताच येते? सहज इचारतो.

मामीचे गुडघे तसेच आहेत. डॉक्टर म्हणते दिवाळीनंतर पाहू.

केशवमामा


कामठी
३१ ऑगस्ट २०२५

मामा, जयभीम.

तुमचं पत्र बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, टाक्याचं वाचून आई इतकी हसली की भाजी लागली.

इकडे रिफंड यायला लागलेत. अंकुशभाऊंचा आला, त्यांनी पोरीच्या क्लासचा पहिला हप्ता भरला. तुळसाबाईंनी मिक्सर घेतला आणि पहिली चटणी वाटून आमच्याकडे वाटीभर पाठवली. परवा विहाराच्या सभेत बाबांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. मामा, तुम्हाला माहीत आहे, बाबा बारा वर्षं विहाराचे सचिव आहेत आणि बारा वर्षं चप्पलांजवळ उभे राहतात. आठवी शिकलेला, कापडाच्या लूमवरचा माणूस, अक्षर मोत्यासारखं म्हणून पावतीपुस्तक त्यांच्याकडे. परवा एकानं माइकवरून सांगितलं, "रविंद्रभाऊच्या पोरीनं वस्तीचे पांग फेडले." घरी आल्यावर बाबांनी पावतीपुस्तक कपाटातून काढलं, कापडानं पुसलं आणि परत ठेवलं.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंनी एक लिंक दाबली आणि खात्यातून अठरा हजार गेले. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आपण सहा नियम लावून बसलो आणि शंभर पावलांवर हे. मग मी सातवा नियम लिहिला, लाल शाईनं, सगळ्यांत मोठा: टॅक्सचा कुठलाही मेसेज आला तर तो खोटाच समजावा. तुळसाबाईंना म्हटलं, हे घ्या तुमचं उत्तर. आता गोंधळच नको.

तुमचा रिफंड २१ ऑगस्टला जमा झालेला दिसतोय. मेसेजमध्ये काही दाबायचं नसतं, तो नुसता कळवण्यापुरता असतो. तुम्ही दाबलं नाहीत ना कुठे? फोनच नाही म्हणा तुमच्याकडे.

रकान्याचं तुम्ही विचारलंत. काळजी करू नका, संस्था रजिस्टर आहे, नंबर विहाराच्या दारावरच रंगवलाय. सगळं व्यवस्थित आहे.

पुढच्या रविवारी तरुण मुलींना फॉर्म भरायला शिकवणार आहे, म्हणजे माझ्यावर अवलंबून राहायला नको. मेघा आणि प्रीती दोघी यायला तयार आहेत. कधी कधी वाटतं, एवढं सगळं सोपं होतं तर इतकी वर्षं आपल्याला कोणी सांगितलं का नाही?

तुमची,
सोनिका


भिवापूर
६ सप्टेंबर २०२५

सोनू,

दोन बाजू भरून लिहिलं, अन् रकाना कोणता ते लिहिलं नाही.

दारावरचा नंबर मी पाह्यला आहे. तो संस्थेचा आहे. मी दुसरं इचारलं होतं.

पैसे जमा झाले ते पासबुकात पाह्यले. ते मी हात न लावता ठेवले आहेत. तू म्हणशील तवा.

मामा


कामठी
१५ डिसेंबर २०२५

मामा,

तुमचं कार्ड तीन महिने माझ्या गादीखाली आहे. उत्तर लिहायला चार वेळा बसले आणि चारही वेळा हवापाण्याचं लिहून फाडलं. आज लिहिते.

काल रविवारी वंदना झाल्यावर तुळसाबाई टेबलाशी आल्या. त्यांचा नवा फोन आहे, नातवानं त्यांचा नंबर टॅक्सच्या साइटवर आपणहून बदलून दिला होता. एक मेसेज दाखवून म्हणाल्या, "हा पाय. शुक्रवारी आला. खोटाच आहे, मी काही केलं नाही, फक्त तुले दाखवतो." मेसेजमध्ये लिहिलं होतं की तुमच्या विवरणपत्रात दानाची जी वजावट घेतली आहे ती तपासून पाहावी, चुकीची असेल तर ३१ डिसेंबरच्या आत दुरुस्त विवरणपत्र भरावं. लिंक नव्हती. काही दाबायला सांगितलं नव्हतं. पैसे मागितले नव्हते.

मागून अंकुशभाऊ म्हणाले, "मलेही आला होता. मी डिलीट मारला. नियम सात." आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

मी म्हटलं, बरं केलंत. मामा, मी असं म्हटलं. कारण सगळे उभे होते.

घरी येऊन साइटवर तुळसाबाईंचं खातं उघडलं. तिथेही तेच पत्र होतं. मेसेज खरा आहे. मग वही काढली आणि एकेक खातं उघडत गेले. अकरा जणांना आलंय. बाकीच्यांचे मेसेज माझ्याच नंबरवर आले होते, शुक्रवारपासून पडून होते. मी शनिवारी सकाळी बसमध्ये ते पाहिले होते, आणि माझाच नियम लावून सरकवले होते.

आता रकाना. तुम्ही विचारलं होतं तेव्हाच मला माहीत होतं. फॉर्ममध्ये आपल्यासारख्या संस्थांचा जो रकाना आहे, त्यात मान्यता असलेल्या पावतीचा क्रमांक मागतात. आपल्याकडे तो नव्हता. पुढे जाऊ देईना. पहिलंच विवरणपत्र होतं, तुळसाबाईंचं, त्या समोर बसल्या होत्या, पावती बाबांच्या अक्षरातली, दान खरं, चेक खरा, विहाराचा स्लॅब डोक्यावर उभा. मी शेजारचा, सरकारी निधीला दिलेल्या दानाचा रकाना उघडून पाहिला. तिथे तो क्रमांक मागत नव्हते. तिथे भरलं. पुढे गेलं. मला वाटलं, संगणकाला दान कळत नाही, मला कळतं. त्यानंतर अठरा वेळा तेच केलं, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी वेळ लागला.

आज ऑफिसात सरांना कुणा दुसऱ्याचं म्हणून विचारलं. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "गप्प बसायचं. असे मेसेज ढिगानं जातात, सगळ्यांच्या मागे कोण लागतंय? आणि विवरणपत्र ज्याच्या नावाचं, जबाबदारी त्याची. भरणाऱ्याचं नाव कुठे असतं त्यात?" मग वर बघून म्हणाले, "कोण आहे गं ते?" मी म्हटलं, ओळखीतली एक मुलगी.

ते खरं आहे. सव्वीस विवरणपत्रांत माझं नाव कुठेच नाही. काही निघालं तर तुळसाबाईंचं निघेल. दोन वर्षांनी रिटायर होणार आहेत. आणि पावतीवर सही बाबांची.

सोळा दिवस उरलेत. सांगितलं तर लोकांनी खर्चून टाकलेले पैसे व्याजासकट परत भरायचे. बाबांची खुर्ची परत चप्पलांजवळ जाईल. नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. मी तुळसाबाईंच्या घरावरून जायचं टाळतेय, मागच्या गल्लीनं स्टँडवर जाते. आज मेघानं विचारलं, ताई, येत्या रविवारी कोणता भाग शिकवणार? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

तुम्ही काय केलं असतं?

सोनिका


भिवापूर
१९ डिसेंबर २०२५

चि. सोनिका,

तुझं पत्र काल मिळालं. मी काय केलं असतं असं तू विचारलं आहेस. मी काय केलं ते सांगतो, ते जास्त उपयोगी पडेल.

माझा फोन टाक्यात पडला नाही. मीच टाकला.

तू १२ जुलैला फोनवर सांगितलंस की रिफंडचा मेसेज येईल. १८ जुलैला आला. माझं नाव बरोबर होतं, रक्कम नऊ हजार आठशे चाळीस लिहिली होती. खाते क्रमांक निश्चित करण्यासाठी खाली दाबा असं होतं. मी दाबलं. पाठोपाठ एका माणसाचा फोन आला, अतिशय नम्र, केशवजी केशवजी म्हणत होता. तो सांगत गेला, मी करत गेलो. मला नीट ऐकू येत नव्हतं तर तो न चिडता परत परत सांगत होता. इतक्या आदरानं माझ्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. खात्यात चौऱ्याहत्तर हजार होते. मामीच्या गुडघ्यासाठी ठेवलेले. बारा मिनिटांत गेले.

मी कोणाला सांगितलं नाही. सहा नियम लावणाऱ्या मुलीचा मामा फसला, हे तुझ्या वस्तीला कळलं असतं तर तुझ्याकडे कोण आलं असतं? असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. खरं इतकंच की अडतीस वर्षं पोस्टात मी लोकांना सांगत आलो, बापा, सही करण्याआधी वाच. त्या लोकांपैकी कोणी मला हसावं हे मला नको होतं. मामीला डॉक्टर दिवाळीनंतर बोलावतो हेही मीच रचलं. डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख ऑगस्टमधलीच दिली होती. चार महिने ती भिंत धरून चालते आहे, माझ्या लाजेपायी.

तू मला रिफंडची वाट बघायला लावलंस म्हणून मी फसलो, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. थोडं खरं आहे. पण दाबलं मी, आणि लपवलंही मी. तक्रार तासाभरात केली असती तर काही रक्कम थांबवता आली असती, असं मला काल कळलं. कारण काल तुझं पत्र वाचून मी आधी मामीला सांगितलं आणि मग ठाण्यात जाऊन तक्रार दिली. तिथल्या शिपाई मुलीनं विचारलं, काका, इतके दिवस काय करत होता? मी म्हटलं, लपून बसलो होतो. तिनं तसं लिहून घेतलं नाही, पण मी सांगितलं. पैसे मिळतील अशी आशा कोणी दिली नाही.

मामीनं ऐकून घेतलं. मिरच्या वाळवत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले आधी सांगतलं असतं तं मी गुडघा दुखते दुखते करून तुमच्या जिवाले घोर नसता लावला." मी तिच्यासमोर उभा राहू शकलो नाही.

काय कर ते मी तुला सांगणार नाही. एक मागतो. जे दुरुस्त करशील त्यात पहिलं नाव माझं असू दे. रिफंडचे पैसे जसेच्या तसे ठेवले आहेत.

केशव


कामठी
३० डिसेंबर २०२५, मंगळवार

मामा, जयभीम.

तुमचं पत्र शुद्ध मराठीत आलं तेव्हा पहिल्या ओळीलाच वाटलं होतं, मामा रागावले. बाकीचं मी जिन्यात बसून वाचलं. त्यावर काय लिहू मला कळत नाही, म्हणून काय झालं तेच लिहिते.

तुमचं सगळ्यांत आधी केलं, शनिवारी दुपारी. मग बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे पावत्या खोट्या आहेत काय?" मी म्हटलं, नाही बाबा, पावत्या खऱ्या आहेत. मी त्या जिथे लावल्या तिथे लागत नाहीत, आणि हे लावताना मला माहीत होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माहीत होतं?" मी हो म्हटलं. ते उठले आणि दुसऱ्या दिवशीचा पांढरा शर्ट इस्त्री करायला घेतला. एकच शर्ट किती वेळ इस्त्री करत होते, मामा. आईनं शेवटी बटण बंद केलं.

रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राहिले. रकान्याचं सांगितलं. मेसेज खरे होते हे सांगितलं. मान्यता नसताना सूट लावली, ती काढावी लागेल, पैसे परत भरावे लागतील, बुधवारपर्यंतच मुदत आहे. तोंडपाठ केलेलं सगळं विसरले. मग म्हटलं, व्याजाचे जे होतील ते मी माझ्या पगारातून देईन.

अंकुशभाऊ उठले. "आम्ही तुझ्याकडं काहून आलो वं? धरमपेठच्या सायबाले दोन हजार देले असते तं आज जाऊन त्याची कॉलर धरली असती. तुझी काय धरू?"

मग पुढे येऊन म्हणाले, "पोरीच्या क्लासमधून काढून आणू काय पैसे? अन् मी तं तो मेसेज तुह्यासमोर डिलीट मारला. तू म्हणे बरं केलं."

"मी घाबरले होते," मी म्हटलं.

"आम्ही नाही घाबरत काय?" असं म्हणून ते निघून गेले. त्यांच्या मागून आणखी चौघं. जाताना कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्याचं असंच असते, आपलंच डोकं चालवतात." बाबा पुढच्या रांगेत बसले होते, त्या खुर्चीवर. उठून मागे जातील असं मला वाटलं होतं. गेले नाहीत. पावतीपुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले, कोणी विचारलं तर दाखवायला.

मग तुळसाबाई आल्या.

"मंग तो मेसेज खरा होता."

"हो."

"अन् तू त्या भिंतीवर लिहिलं का खोटाच समजा."

"हो."

"मी पयलेच इचारलं होतं तुले. तवा सांगाचं नं, का मलेही नाही माहीत. मी काय तुले फाशी देली असती?" मग खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. "व्याजाचं नाटक नको करू. तुह्या पगारात तुह्या घरचं भागत नाही. चाल, माझं काढ. मिक्सर काही परत नाही देत मी."

कोणीतरी हसलं. त्यानंतर रांग लागली. मोठी नाही, पण लागली. रविवार, काल आणि आज मिळून सोळा झाली, तुमचं धरून. व्याज प्रत्येकाचं दोनशे-अडीचशेच्या आसपास निघालं. व्याज सातशे तरी होईल असं धरून बसलेल्या चंपतरावांना एकशे नव्वद सांगितलं तर ते माझ्यावरच संशय घ्यायला लागले, कमी कसं काय म्हणून. माझ्या हाताखाली मेघा आणि प्रीती बसल्या होत्या. दर आकडा मी त्यांना मोठ्यानं वाचायला लावला आणि फॉर्म भरल्यावर ज्याचा त्याला वाचून दाखवायला लावला. वेळ दुप्पट लागला.

तीन जण राहिले आहेत. अंकुशभाऊ त्यातले एक. आज सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते आतून बाहेर आलेच नाहीत. करिष्मावहिनींनी दारातच कागद घेतला. त्यावर मी लिहून दिलंय, उद्यापर्यंत काय करता येईल आणि उद्यानंतर ते किती महाग पडेल. वहिनी म्हणाल्या, "ठेवते त्यांच्या डब्याजवळ." बस. पुढचं मला माहीत नाही. त्यांची पोर दारात उभी होती, क्लासची बॅग पाठीवर. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

ऑफिसात सरांना कळलं आहे. कामठीचं कोणीतरी बोललं. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, उद्या आमच्या फायलींबद्दलही अशीच उभी राहून सांगणार का? मी म्हटलं, चुकीचं असेल आणि मी भरलेलं असेल, तर हो. त्यांनी मला पहिल्या तारखेपासून येऊ नको असं सांगितलं. आईला मी हे आज दुपारीच सांगितलं. लपवून ठेवायचं नाही असं तुमच्या पत्रानंतर ठरवलं होतं, पण ठरवणं सोपं होतं, आईच्या तोंडाकडे बघून बोलणं सोपं नव्हतं. आता झोप येत नाही, पण ती वेगळ्या काळजीनं येत नाही.

भिंतीवरचा कागद काढला. नवा लावलाय. त्यात सातवा नियम असा आहे: मेसेज आला तर त्यात काही दाबू नये आणि तो फेकूही नये. आपणहून साइटवर जाऊन आपलं खातं उघडून बघावं, आणि एकट्यानं बघू नये. आणि सगळ्यांत वर, नियमांच्याही आधी, लिहिलंय: या वर्षी एकोणीस विवरणपत्रांत दानाची वजावट चुकीच्या जागी लावली गेली. ती सोनिका रविंद्र गजभिये हिनं लावली. खाली सही केली आहे. बाबांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, अक्षर वाकडं आलंय. मग स्वतःच्या हातानं परत लिहून दिला. सही तेवढी माझी ठेवली.

तुमच्यासाठी पाकिटात दोन कागद आहेत. एक तुमच्या दुरुस्त विवरणपत्राची पोचपावती. कराची रक्कम मी तूर्त भरली आहे, तुमच्या त्या बाजूला ठेवलेल्या पैशांतून तेवढीच मला द्या, एक रुपया जास्त नको. उरलेले तुमच्या हक्काचेच आहेत, ते मामींच्या गुडघ्यासाठी ठेवा. तुमच्याकडे आता ओटीपीची भानगड नाही, म्हणून या कागदावर निळ्या शाईनं सही करून तीस दिवसांच्या आत बंगळुरूला पोस्टानं पाठवायचा आहे. पत्ता खाली छापलाय. पोस्टानं पाठवायची सोय अजून चालू आहे हे कळल्यावर मला तुमची आठवण आली. तुमच्या हातानं तिकीट लावा.

दुसरा कागद वहीचं पान आहे. रविवारपासून जो जो आला, त्याचा नंबर साइटवर त्याचा स्वतःचा घातला, पासवर्ड त्याच्याकडून त्यालाच बदलायला लावला, तेव्हा मी तोंड भिंतीकडे करून उभी राहिले, आणि वहीतलं त्याचं पान फाडून त्याच्या हातात दिलं. ज्यांचं दानाचं काही नव्हतं त्या सात जणांनाही बोलावून दिलं. तिघांची पानं आज त्यांच्या दारात देऊन आले, अंकुशभाऊंचंही. तुमच्या पानावरचा पासवर्ड मी काळ्या शाईनं खोडलाय, असलं काही पाकिटातून पाठवायचं नसतं. तुमचं नाव तेवढं वाचता येतं.

वहीचे पुठ्ठे आईनं चुलीत घातले.

तुमची,
सोनिका